गुपित राखणारी माणसं

‘मानभावी’ हा शब्द तुम्ही-आम्ही बोलताना सहज वापरतो. तोंडावर गोड आणि मनात काळंबेरं, अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. शब्दार्थाच्या वहीत गुरुजीही ‘मानभावी म्हणजे ढोंगी’ असंच लिहून देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण आज तोच अर्थ रूढ आहे. पण हा शब्द आला कुठून, हे पाहू लागलं की थोडी लाज वाटते. ‘महानुभाव’ या शब्दाचं बोलण्यातलं रूप ‘मानभाव’. ज्याचा अनुभव थोर, ज्याचं मन थोर, तो महानुभाव. पंथाची काळी वस्त्रं, चारचौघांहून निराळा आचार आणि बाहेरच्या कुणालाही वाचता न येणाऱ्या पोथ्या, यांमुळे गावोगाव संशय पसरला आणि थोरपणाच्या शब्दाची चक्क शिवी झाली.

त्या पोथ्या इतरांना का वाचता येत नव्हत्या, आणि त्या तशा ठेवण्यासाठी कोणत्या छातीची माणसं लागली, हे आज सांगायचं आहे. इतिहासातलं धैर्य म्हटलं की आपल्याला घोड्यावरचा शिलेदार आठवतो. ते योग्यच आहे. पण धैर्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात तलवार नाही, जयजयकार नाही. आपल्याजवळचं काहीतरी मोलाचं जिवापाड लपवायचं, राखायचं आणि तोंड मिटून राहायचं. हा प्रकार आपल्या वऱ्हाडाच्या मातीत सातशे वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर घडला.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात ऋद्धपूर नावाचं गाव आहे. लोक रिद्धपूर असंही म्हणतात. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, राहत असत. वागणं वेड्यासारखं. मनाला येईल तिथे जावं, कुणाच्याही घरात शिरावं, कुणाच्याही हातचं खावं. त्या काळी ज्यांची सावली टाळत, त्यांच्या वस्तीतही त्यांचा वावर असे. पाण्यासाठी तळमळणाऱ्या मातंगांना त्यांनी विहीर कुठे खणावी ती जागा दाखवली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची काय दशा असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या प्रसंगाचं मोल वेगळं सांगायला नको. गावातले लोक त्यांना मायबाप मानत.

गुजरातेतून आलेले चक्रधरस्वामी याच ऋद्धपुरात गोविंदप्रभूंना भेटले आणि पुढे त्यांनी महानुभाव पंथाची उभारणी केली. लोणार, मेहकर, अचलपूर, पैठण असं त्यांचं भ्रमण होतं. त्यांनी बायकांना संन्यासाची दीक्षा दिली, जातिभेद मानला नाही आणि उपदेश केला तो मराठीत. आज ही तीन वाक्यं आपण एका दमात म्हणतो. यादवांच्या राज्यात यांतलं प्रत्येक वाक्य प्रतिष्ठितांना डिवचणारं होतं, आणि विरोध झालाही. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य पोरके झाले. ते पांगले नाहीत. ते ऋद्धपुरी आले आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. घरदार सोडलेली, भिक्षा मागून जगणारी ही वस्ती होती. तिच्यात पंडित होते, तशा विधवा बायकाही होत्या. त्यांतली महदाइसा तर मराठीतली पहिली कवयित्री मानली जाते. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायिले. चक्रधरस्वामींना प्रश्न विचारून विचारून भंडावणारी अशीही तिची ख्याती आहे. ज्या काळात विधवेने कोपऱ्यात बसावं अशी रीत, त्या काळात ती भर मंडळीत प्रश्न विचारत होती.

याच वस्तीत म्हाइंभट नावाचे विद्वान होते. स्वामींच्या आठवणी एकेका शिष्याच्या मनात आहेत, माणसं गेली की त्या जातील, ही चिंता त्यांना लागली. तेव्हा ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, अशा माणसांचा त्यांनी गावोगाव शोध घेतला. नागदेवाचार्यांकडून, म्हणजे भटोबासांकडून, एकेक प्रसंग पडताळून घेतला. कोण काय सांगतो, दुसरा त्यात काय वेगळं सांगतो, हेही टिपून ठेवलं. सन १२७८ च्या सुमारास ऋद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. मराठी गद्यातला हा पहिला ग्रंथ. शिक्षकमंडळींनी वर्गात सांगताना एवढं जरूर सांगावं की, आपल्या भाषेचा पहिला गद्यग्रंथ वऱ्हाडातल्या एका खेड्यात, भिक्षा मागणाऱ्या माणसांनी तयार केला.

भटोबासांची आणखी एक गोष्ट आहे. केशिराजव्यास हे त्यांच्याजवळचे मोठे पंडित. त्यांचा ओढा संस्कृतात लिहिण्याकडे होता. भटोबासांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्यांचं नुकसान होईल, अशा अर्थाचं ते बोलले. म्हाताऱ्या म्हणजे पंथातल्या त्या वृद्ध बायका. पंडितांत मान मिळण्याची वाट समोर मोकळी असताना ती सोडून अडाणी म्हातारीसाठी मराठीत लिहायचं, याला मी धैर्यच म्हणतो.

कवी नरेंद्राची हकीगत तर ऐकण्यासारखी आहे. त्याचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे काव्य राजा रामदेवरावाला इतकं आवडलं की, हे माझ्या नावावर कर, ओवीमागे सोन्याचं नाणं देतो, असं राजा म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. कवींच्या कुळाला कमीपणा येईल म्हणाला. पण राजाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे काय ते त्यालाही कळत होतं. पंथाच्या परंपरेत असं सांगतात की, पोथी दरबारात जाण्यापूर्वी नरेंद्र आणि त्याचे भाऊ यांनी जेवढं लिहून घेता आलं तेवढं रातोरात लिहून घेतलं, आणि पुढे नरेंद्र पंथाला येऊन मिळाला. त्या काव्याच्या सुमारे नऊशे ओव्याच आपल्या हाती आल्या.

इथवरची गोष्ट नकाराची झाली. आता लपवण्याची. सन १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचलपुरावरून देवगिरीवर चालून गेला. पुढे सन १३१८ च्या सुमारास यादवांचं राज्य बुडालं. या धामधुमीत महानुभावांच्या पोथ्या लुटल्या गेल्या, नष्ट झाल्या. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रतही गेली, असं पंथाचे जुने लेखक सांगतात. मग ज्यांना ती तोंडपाठ होती, त्यांच्या पाठावरून ती पुन्हा लिहिण्यात आली. त्यांत हिराइसा नावाच्या बाईचा पाठ प्रसिद्ध आहे. विचार करा. कागद जळतो, भिजतो, त्याला वाळवी लागते, लुटारू त्याला चुलीत घालतो. पण एका बाईने कान देऊन ऐकलेलं आणि मनात साठवलेलं कुणाला लुटता आलं नाही. आपल्याकडे जात्यावर दळताना शेकडो ओव्या म्हणणाऱ्या माउल्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यांच्याकडे पाहिलं की हिराइसेची गोष्ट नवलाची असली तरी अशक्य वाटत नाही.

यानंतर पंथाने पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिण्यास सुरुवात केली. सर्वांत प्रसिद्ध ती ‘सकळ लिपी’. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ती केली असं मानतात. पुढे सुंदरी लिपी, अंकलिपी, शून्यलिपी अशा इतरही लिप्या झाल्या. सांकेतिक लिपी म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर सोपं करून दाखवता येतं. समजा, आपण ठरवलं की ‘क’ च्या जागी ‘म’ लिहायचा, ‘म’ च्या जागी ‘र’, ‘ळ’ च्या जागी ‘त’. आता ‘कमळ’ लिहायचं तर आपण लिहू ‘मरत’. ज्याला ही बदलाबदल ठाऊक नाही, तो डोकं खाजवत बसेल. ज्याला ठाऊक आहे, तो ‘कमळ’ वाचील. ही बदलाबदलीची यादी म्हणजे कुलपाची किल्ली. (हे उदाहरण माझं आहे, सकळ लिपीतली अक्षरं याप्रमाणे नाहीत.)

ही लिपी का केली, याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. परकीयांच्या आणि विरोधकांच्या हाती ग्रंथ पडू नयेत म्हणून, असं एक मत. पवित्र वचनं अनधिकारी माणसाच्या हाती जाऊ नयेत म्हणून, असं दुसरं. मला वाटतं दोन्ही कारणं एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात. आपली तिजोरी आपण चोराच्या भीतीने लावतो आणि ती देवघराशेजारी ठेवतो, तसंच ते.

या वाटेने पंथ दूरवर गेला. पंजाबात तो ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचे अनुयायी पेशावर, काबूलपर्यंत होते. घरी पंजाबी किंवा पश्तू बोलणारी ही माणसं धर्मग्रंथ मात्र मराठी वाचत. वऱ्हाडात जन्मलेली पोथी हिंदुकुशाच्या पायथ्याशी मराठीतच वाचली जात होती. सन १६२० मध्ये धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्लंडमधली काही माणसं ‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून अमेरिकेला गेली. जहाजात १०२ उतारू होते, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे थंडीने, रोगाने मेले. त्यांची गोष्ट जगभर सांगितली जाते, सांगावीच. तिथल्या मूळच्या रहिवाशांनी त्यांना मका पेरायला शिकवलं आणि पुढे त्याच रहिवाशांच्या जमिनी गेल्या, हेही सोबत सांगावं. काळी वस्त्रं नेसून सिंधू ओलांडणाऱ्या आमच्या मराठी साधूंची गोष्ट मात्र आमच्याच मुलांना ठाऊक नसते.

पण लपवण्याची किंमतही मोजावी लागली. कुलूप इतकं पक्कं बसलं की सहाशे वर्षं मराठी समाजाला आपला पहिला गद्यग्रंथ ठाऊकच नव्हता. वाचता येत नाही म्हटल्यावर लोकांनी मनाला येईल ते पंथाबद्दल रचलं. सुरुवातीला सांगितलेली शिवी अशीच रुजली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयाची ओळख करून दिली, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये निघालं. ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’च्या आवृत्त्या केल्या. त्यांतले कोलते आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. या कामी पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या उघडून दाखवल्या. पिढ्यानपिढ्या राखलेलं गुपित परक्यापुढे ठेवताना त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! राखायला छाती लागते तशी वेळ आल्यावर उघडायलाही लागते.

उघड्या धैर्याचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती अकोल्याची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या कास्तकारांना चांगला माहीत आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि वावराला दिलं तर जमीन बिघडते. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडापुढे प्रश्न पडला की, समुद्र तर शेकडो मैल दूर, आपण कायदा मोडायचा कसा? तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा इथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला. ज्या पाण्याला आपण जन्मभर नावं ठेवतो, तेच कामाला आलं. इथे लपवाछपवी नव्हती. उलट चारचौघांत, पोलिसांसमोर मीठ करायचं आणि तुरुंगात जायचं.

बारा वर्षांनी, १९४२ मध्ये, पुन्हा लपण्याची पाळी आली. पुढारी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर एका रात्रीत पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीने सोबत्यांसह ‘काँग्रेस रेडिओ’ नावाचं गुप्त ध्वनिक्षेपण केंद्र चालवलं. ४२.३४ मीटरवर ते ऐकू येई. कोणत्या गावी गोळीबार झाला, कुठे रेल्वे थांबली, ही सरकारने दडपलेली बातमी तिथून कळे.

गुप्त रेडिओ पकडतात कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. रात्री तुमचा बैल सुटून गेला आणि अंधारात त्याच्या गळ्यातली घंटा वाजते आहे, असं धरा. एकट्याने बांधावर उभं राहून दिशा कळते, अंतर कळत नाही. पण दुसरा माणूस लांबच्या बांधावर उभा राहिला आणि त्यानेही आपली दिशा सांगितली, तर दोन्ही दिशा जिथे एकमेकींना छेदतील तिथे बैल सापडतो. पोलीस हेच करतात. दिशा दाखवणारे यंत्र लावलेल्या गाड्या दोन-तीन ठिकाणी उभ्या करतात, नकाशावर रेघा ओढतात आणि रेघा मिळतील तिथे जाऊन दार ठोठावतात. म्हणून गुप्त केंद्राला सतत जागा बदलावी लागते. उषाबाईंनीही पुनःपुन्हा जागा बदलल्या. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी, आतल्याच एका माहितगाराने पत्ता दिल्यामुळे, पोलीस येऊन थडकले. चौकशी महिनोन्महिने चालली. त्या बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या.

साताऱ्याकडे प्रतिसरकारच्या चळवळीत हौसाताई पाटील होत्या, क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं सोबत्यांना पळवायची होती. हौसाताईंनी काय केलं? एका सोबत्याला नवरा बनवलं आणि ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण लावलं. त्याने त्यांना खरोखरीच मारलं, मोठा धोंडा उचलून घालतो म्हणाला. पोलीस सोडवायला धावले, आणि मागच्या मागे बंदुका गेल्या. पुढे म्हातारपणी त्या हसत सांगत की, भांडण खरं वाटावं म्हणून त्या गड्याने हात जरा जास्तच मोकळा सोडला. २०२१ मध्ये, ९५ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

त्याच वर्षी, म्हणजे १९४३ च्या जूनमध्ये, बडोद्याच्या घराण्यातली एक मुलगी रात्रीच्या अंधारात विमानाने फ्रान्सच्या शेतात उतरत होती. नूर इनायत खान. तिचे वडील इनायत खान हे सूफी साधक आणि गवई, जन्म बडोद्याचा. वडिलांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा काढली होती. नूर पॅरिसजवळ वाढली, वीणा वाजवी, मुलांसाठी जातककथा लिही. स्वभाव इतका भिडस्त की शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींना ही हेरगिरीच्या कामाची वाटेना. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांनी पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशक. काही दिवसांतच तिच्या मंडळातले बहुतेक सोबती पकडले गेले. परत ये, असा निरोप लंडनहून आला. तिने नाकारला, कारण ती आली असती तर पॅरिसमधून लंडनशी बोलणारं कुणीच उरलं नसतं. अशा संदेशकाचं आयुष्य सहा आठवडे धरीत. ती यंत्राची जड पेटी घेऊन घर बदलत बदलत चार महिने टिकली. ऑक्टोबरात फितुरीने पकडली गेली.

आता एक गोष्ट झाकून ठेवत नाही. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने एका वहीत जपून ठेवल्या होत्या. सूचनेचा अर्थ तिने बहुधा चुकीचा घेतला असावा. ती वही जर्मनांना सापडली. कुलूप आणि किल्ली एकाच जागी मिळाली. त्यावरून त्यांनी तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश पाठवले आणि पुढे आलेली आणखी माणसं पकडली गेली. ती स्वतः मात्र बोलली नाही. तिला कैदेत ठेवणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यानेच युद्धानंतर तसं सांगितलं. दोनदा तिने पळण्याचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला ती तयार होईना, म्हणून जर्मनीतल्या तुरुंगात हातापायांत साखळ्या घालून तिला एकटी ठेवली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छावणीत तिला आणि आणखी तिघींना गोळ्या घातल्या. वय तीस वर्षं. १९४९ मध्ये ब्रिटिशांनी तिला मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ दिला.

गुरुजींना एक सुचवावंसं वाटतं. ऋद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याचं काम २०२४ मध्ये सुरू झालं. वऱ्हाडातल्या शाळांच्या सहली चिखलदऱ्याला जातात, शेगावला जातात. जाता-येता एक दिवस ऋद्धपूरलाही ठेवावा. जाण्याआधी मुलांना आपापली सांकेतिक लिपी तयार करायला सांगा आणि एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचायला द्या. किल्ली कुणाच्या वहीत सापडते आणि कुणाच्या नुसत्या डोक्यात आहे, तेही पाहा. परतल्यावर ‘लीळाचरित्रा’तली एखादी छोटी लीळा मोठ्याने वाचा. शब्द जुने आहेत, पण मुलांना ते घरी नेऊन आजीला विचारू द्या. बरेचसे शब्द आजीला समजतील.